माझं शून्य एक टक्का चुकत होतं

रेकॉर्ड फिरवणारं टर्नटेबल तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. त्याच्या उजव्या कडेला एका उभ्या फटीत चपटी पट्टी वर-खाली सरकते, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. बोलतेय ती मी. कागदोपत्री माझं नाव भारदस्त आहे, पण वाजवणारे नुसतं 'पिच' म्हणतात, आणि तेही बहुतेक माझ्यावर चिडले की.

माझं काम समजायला सोपं आहे. मधोमध शून्य. मी तिथे असले की गाणं जसं गायलं गेलं तसंच वाजतं. मला स्वतःकडे ओढलंत की तबकडी भरभर फिरते, पलीकडे ढकललंत की सावकाश. दोन्हीकडे आठ-आठ टक्क्यांपर्यंत माझी मजल. फार ओढलंत तर गाणाऱ्याचा आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक होतो, आणि फार ढकललंत तर चांगली गोड गळ्याची बाई सर्दी झालेल्या काकांसारखी गायला लागते. म्हणून मला जपून सरकवायचं असतं.

कारखान्यात एका बाईने मला फटीत बसवलं, शून्यावर आणलं, समोरच्या काट्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवशी माझं शून्य खरोखरच शून्य होतं. हे मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते ऐकून कुणी 'हिची मुळातच खोट होती' असं म्हणू नये.

माझे पहिले मालक म्हणजे नाच शिकवणारे एक मास्तर. माणूस प्रेमळ, पण चहात बिस्किट बुडवून खायचा आणि तेही माझ्या डोक्यावर ओणवं होऊन. बिस्किटाचा चुरा माझ्या फटीत. एकदा तर अर्धा कप चहाच आत गेला. मास्तरांनी यंत्र उलटं केलं, फुंकर मारली, वरून फडकं फिरवलं आणि 'झालं' म्हणाले. वरून मी चकचकीत दिसत होते. आत ज्या काळ्या लेपावरून मी सरकते, तो एका बाजूने झिजायला लागला होता.

मास्तरांचे गुडघे गेले, वर्ग बंद पडला, आणि आम्ही दोन्ही यंत्रं या स्केटिंगच्या हॉलमध्ये आलो. मी उजवीकडच्या यंत्रावर. डावीकडच्या यंत्रावर माझ्यासारखीच एक पट्टी आहे, तिला मी शेजारीण म्हणते. तिच्या वाट्याला चहा आला नाही, म्हणून ती धडधाकट राहिली.

तोवर माझं शून्य सरकलं होतं. मी शून्यावर उभी असायची आणि तबकडी एक टक्का जास्त फिरायची. एक टक्का म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. शंभर पावलांत एक पाऊल. पण दोन माणसं हातात हात घालून चालत असली, तर त्या एका पावलाने एकाचा हात ओढला जातोच. तबकडीच्या कडेला एक छोटा लाल दिवा होता. त्याच्या उजेडात कडेवरचे ठिपके स्थिर दिसले की वेग बरोबर, असा हिशोब असतो. तो दिवा मास्तरांच्या काळातच गेला. माझं खोटं पकडेल असा तेवढाच एक साक्षीदार होता.

आणि खरं सांगू का, पुढची सहा वर्षं कुणाचं काही अडलंही नाही. कारण इथे वाजवायला जो तरुण होता, त्याचे कान.

स्केटिंगला येणारी सगळी त्याला ठेकादादा म्हणत. हॉलच्या एका टोकाला, आठ पायऱ्या चढून गेलं की काचेची केबिन, त्यात आम्ही दोन यंत्रं आणि तो. एक गाणं शेजारणीवर वाजत असायचं. दुसरं तो माझ्यावर लावायचा आणि हेडफोनची एकच वाटी उजव्या कानाला दाबायचा. डाव्या कानाने हॉलमधलं गाणं, उजव्या कानाने माझ्यावरचं. दोन्हींचे ठोके एकमेकांवर पडेपर्यंत मला इकडे-तिकडे सरकवायचा, आणि मग हळूच एक गाणं उतरवून दुसरं चढवायचा. खाली गोल गोल फिरणाऱ्यांना कळायचंही नाही की गाणं बदललं. ह्याला तो 'सांधा' म्हणायचा. चाकांची खरखर एकसारखी चालू राहिली की सांधा जमला.

माझ्या शेजारी छापलेल्या आकड्यांकडे त्याने कधी पाहिलं नाही. ज्याला कानाने कळतं त्याला आकडे कशाला? माझं खोटं त्याच्या कानाआड झाकलेलं राहिलं.

मग त्याचं लग्न झालं.

नवी नवरी रोज दुपारी डबा घेऊन यायची. आधी मला वाटलं, काय हौस. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं की घरात दोन खोल्या, त्यात सासू, सासरे आणि शिकायला राहिलेला चुलतदीर. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला जागा म्हणून ही काचेची केबिन, जिच्यात चाळीस माणसं खालून बघू शकतात. "इथे जरा एकांत असतो," असं ती एकदा म्हणाली. त्यात थट्टा किती आणि खरं किती, मला ठरवता आलं नाही. तिचं बोलणं असंच होतं. कमी बोलायची, आणि जे बोलायची ते चेहरा जराही न हलवता.

तिने स्टूल मांडलं ते त्याच्या उजवीकडे, माझ्या अगदी बाजूला. म्हणून मला सगळं जवळून दिसलं.

"अहो, डबा गार होतोय."

तो रेकॉर्ड पुसत होता.

"अहो. आईंनी विचारलंय, संध्याकाळी लवकर येणार का?"

"हो, छान झालंय," तो म्हणाला.

तिने डब्याकडे पाहिलं. डबा अजून उघडलेलाही नव्हता. तिने तो उघडून त्याच्यापुढे ठेवला. पण नंतरचे चार-पाच दिवस मी पाहत होते, ती बोलायचं थांबवून नुसती बघत बसायची. नवरे ऐकत नाहीत, असं तिनेही ऐकलं असणार. पण ते दीड महिन्यातच सुरू होतं, हे तिला कुणी सांगितलं नसावं.

त्याच आठवड्यात दोन सांधे चुकले.

मला आधीच कळलं होतं. त्याची बोटं माझ्यावर थबकत होती. पूर्वी ती जागेवर यायची, आता चाचपडत होती. हेडफोन उजव्या कानावरून डाव्यावर गेला होता. डाव्या कानाला वाटी दाबली की हॉल ऐकू यायचा नाही, वाटी काढली की माझ्यावरचं गाणं. दोन गाणी एकत्र कशी जुळवायची? दुसऱ्यांदा सांधा चुकला तेव्हा खाली दोन मुली एकमेकींवर आदळल्या, एकीचं कोपर खरचटलं. रोज दुपारी येणारे निवृत्त पोस्टमास्तर कठड्याला धरून वर बघत म्हणाले, "दादा, गाणं मध्येच लंगडायला लागलं की हो."

हॉलचे मालक पायऱ्या चढून वर आले. ते क्वचितच वर येत.

"हे बघ," ते म्हणाले, "रविवारी दुपारी कोचबाईंच्या मुलींचं प्रात्यक्षिक आहे. बारा मुली. दोन गाणी, मध्ये थांबायचं नाही, आणि एकमेकींची कंबर धरून साखळी. एक पडली की बाराही पडणार, आणि समोर त्यांचे आईबाप बसलेले असणार. तुला जमणार आहे का?"

"जमेल."

"मागच्या आठवड्यातही जमेलच म्हणत होतास. माझा जावई लॅपटॉप घेऊन बसायला एका पायावर तयार आहे. त्याचं ते यंत्र म्हणे सगळं आपोआप जुळवतं. रविवारी चुकलं तर सोमवारपासून तो बसेल. आधीच सांगतोय, मागून वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटून घेणार."

मालक उतरून गेले. माझ्या बाजूच्या स्टुलावरच्या बाईला त्यांनी नमस्कार केला होता, पण तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे होतं. तो हात माझ्यावर होता.

मग तिथूनच, त्याच्या उजवीकडून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खाली वाघ आलाय."

तो रेकॉर्ड पाकिटात सरकवत राहिला.

"पोस्टमास्तरांना घेऊन गेला."

त्याने दुसरी रेकॉर्ड उचलली. ती उठली, त्याच्या मागून फिरून डावीकडे गेली आणि तितक्याच हळू म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाहीये?"

त्याचा हात थांबला.

"लग्नाच्या दोन महिने आधीपासून कमी कमी होत गेलं," तो म्हणाला. "वाटलं, सर्दीने दडा बसलाय. जाईल."

"दवाखान्यात?"

"गेलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. वाजवणाऱ्याचा कान गेला म्हटल्यावर उरलं काय? आईला सांगू नकोस."

"मला वाटलं, तुम्हाला माझं बोलणं आवडत नाही," ती म्हणाली. "आधीच मी कमी बोलते. त्यातलं निम्मं तुमच्या उजव्या कानात घातलं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. हसावं की काय करावं, हे त्याला सुचेना.

"काय काय सांगितलंस?"

"आता परत नाही सांगणार," ती म्हणाली. "हे सांधे कसे जुळवता ते सांगा. कान सोडून दुसरा काही रस्ता आहे का?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लग्नाआधी ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं कटिंगला होती. टक्केवारी तिच्या बोटांत होती.

त्याने सांगितलं की पहिल्या गाण्याचे मिनिटाला एकशे वीस ठोके असावेत, दुसऱ्याचे जास्त आहेत, नेमके त्याने कधी मोजले नाहीत. तिने मनगटावरचं घड्याळ काढलं. दोन्ही गाणी शेजारणीवर लावून पंधरा सेकंदांचे ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं, असं ठरलं. पहिल्या गाण्याला तिने एकतीस मोजले.

"एकशे चोवीस."

"चोवीस नाही, वीस," तो म्हणाला. "इतकं तर माझा एक कानही सांगतो. कसं मोजलंस?"

तिने बोटाने टेबलावर ठोकून दाखवलं. घड्याळाचा काटा निघाला तो ठोका एक, मग दोन, मग तीन.

"काटा निघताना पडतो तो शून्य. मोजायला त्याच्या पुढून लागायचं," तो म्हणाला.

"एवढं साधं," ती स्वतःवरच चिडून म्हणाली. "टेप तरी मी कुठे एकपासून धरत होते." परत मोजले. पहिलं गाणं एकशे वीस. दुसरं एकशे बत्तीस.

"एवढा फरक एका पट्टीत बसतच नाही," तो म्हणाला. "एकशे वीसला एकशे बत्तीसपर्यंत न्यायचं तर दहा टक्के. हिची मजल आठपर्यंत. म्हणून मध्यावर गाठ घालायची, एकशे सव्वीसला. पहिल्याला हळूहळू सहा ठोके वर आणायचं, दुसरं सहा ठोके कमी करून तयार ठेवायचं. सांधा झाला की दुसऱ्याला परत त्याच्या वेगावर न्यायचं. मुलींना कळणारही नाही."

"म्हणजे टक्के किती?"

"पाच वर, पाच खाली."

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"आमच्याकडे दहा टक्के आटणारं कापड यायचं. नवीन मुली शंभर सेंटिमीटरला दहा वाढवून एकशे दहा कापायच्या. धुतलं की नव्याण्णव. एक सेंटिमीटर गेला कुठे म्हणून शोधत बसायच्या. आटताना ते एकशे दहाचे दहा टक्के आटतं, शंभराचे नाही." तिने डब्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली. "एकशे वीसचे सहा म्हणजे पाच टक्के. एकशे बत्तीसचे सहा म्हणजे साडेचार. तिकडची पट्टी पाच, ही पट्टी उणे साडेचार."

तो विचार करत म्हणाला, "कानाने करायचो तेव्हा हात आपसूक साडेचारवरच जात असेल."

हात साडेपाचवर जायचा. माझी खोड त्याच्या कानाने आधीच वजा केलेली असायची. पण त्याने आकड्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

गुरुवारी सकाळी हॉल रिकामा होता, तेव्हा त्यांनी करून पाहिलं. शेजारीण पाचवर. मला त्याने काळजीपूर्वक उणे साडेचारवर आणून ठेवलं, डोळे बारीक करून, दोनदा तपासून. दुसरं गाणं ठोक्यावर सोडलं. पहिले काही ठोके एकावर एक पडले. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. आणि मग ठोके फाकायला लागले, जसा घोडा दगडी रस्त्यावर टापा टाकत जातो तसे.

"नाही जुळलं," ती म्हणाली.

"नाही?" त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला ते कळलंच नव्हतं. बारा-तेरा सेकंद तो जुळलं असं समजून उभा होता.

"कोण पुढे पळतंय?"

"ते नाही कळत मला. जुळत नाहीये एवढंच कळतंय."

त्याने दोन्ही गाणी बंद केली. "आकड्यांनी गाणं होत नसतं," तो म्हणाला. "कापड नाही हे. तू उगाच आशा लावलीस. बसू दे जावयाला."

ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिने कागद घेतला, परत गणित केलं. उत्तर तेच. तिसऱ्यांदा केलं. मग कागद घडी घालून पिशवीत ठेवला, डबा त्याच्या पुढे सरकवला आणि निघून गेली. आठ पायऱ्या ती उतरत होती आणि मी फटीत गप्प उभी होते. तिचं गणित अगदी बरोबर होतं. गुन्हा माझा, आणि रागवलं गेलं तिला.

शुक्रवारी ती आली तेव्हा तिने डबा टेबलावर ठेवला नाही, स्टुलावर ठेवला. म्हणजे बसायचा विचार नव्हता.

"कटिंगमास्तर महिन्यातून एकदा सगळ्यांच्या टेपा मागून घ्यायचे," ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली. "लाकडी फुटपट्टीला लावून बघायचे. वापरून वापरून टेप ताणते. मग माणूस बरोबर मोजतो आणि कापड चुकतं. या पट्ट्या कुणी तपासल्यात का?"

"तपासायचं काय त्यात? छापलंय की आकडे."

"टेपवरही छापलेलेच असतात."

त्याने वाकून माझ्या कडेचे आकडे पाहिले.

"रेकॉर्ड मिनिटाला किती फेरे घेते?"

"तेहेतीस आणि एक तृतीयांश."

तिने क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर."

रेकॉर्डवर एक पांढरा चिकट कागद लावला गेला. मला शून्यावर आणलं गेलं. तिने घड्याळ समोर धरलं, तो तबकडीवर वाकला. आवाज बंद. याला कान लागत नव्हता, नुसते डोळे पुरत होते, आणि बऱ्याच दिवसांनी तो कशावर तरी मन लावून वाकला होता. पांढरा कागद समोरून गेला की दोघंही पुटपुटत. काटा निघताना तिने 'शून्य' म्हटलं आणि त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला. त्याने मान हलवली.

माझं काय होत होतं, ते कसं सांगू? कुणी आपलं गाठोडं सोडून बघतंय आणि आपल्याला ते बघावंसंही वाटतंय, तसं काहीतरी. नव्वद. पंच्याण्णव. शंभर झाले, आणि घड्याळात अजून वेळ होता. कागद अजून एकदा समोरून गेला, तेव्हा ती म्हणाली, "वेळ संपला."

"एकशे एक," तो म्हणाला.

"एकशे एक."

चूक त्यांचीच तर नाही ना म्हणून परत मोजलं. एकशे एक. मग शेजारणीला शून्यावर ठेवून मोजलं. शंभर, एकही कमी-जास्त नाही. शेजारीण मनातून फुगली असेल, पण तेव्हा मला त्याचं काही नव्हतं.

"हीच आहे," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता बोल लावतील. मास्तर चिडले की मला आपटायचे. तिने फक्त विचारलं, "नेहमी एकच टक्का चुकते का, तेवढं बघू." मग त्यांनी मला दोनवर, उणे चारवर, उणे सहावर ठेवून मोजलं. सगळीकडे तेवढाच एक टक्का. तो म्हणाला, "बिचारी चुकते, पण इमानाने चुकते."

तिने कागदी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा कापला, माझ्या फटीच्या कडेला लावला आणि बारीक पेन्सिलीने स्वतःच्या खुणा केल्या. छापलेल्या उणे एकच्या समोर तिचं शून्य आलं. छापलेल्या साडेपाचसमोर तिचं साडेचार. त्याने नखाने हळूच त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"काल मी बोललो ते," तो म्हणाला.

"कोणत्या कानात बोललात कोण जाणे," ती म्हणाली. "मला नाही ऐकू आलं."

खुणा होईपर्यंत हॉल उघडायची वेळ झाली आणि शनिवारी तो दिवसभर एका शाळेला दिलेला होता, म्हणजे परत करून पाहायला वेळ मिळालाच नाही. जे काही होतं ते कागदाच्या त्या पट्टीवर होतं.

रविवारी दुपारी खुर्च्या भरल्या. बारा मुली निळ्या पोशाखात, कोचबाई मधोमध शिट्टी गळ्यात घालून. मालक पहिल्या रांगेत, शेजारी जावई, जावयाच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी. ती पिशवी त्याने कशाला आणली असेल, हे केबिनमध्ये कुणी बोललं नाही.

पहिलं गाणं शेजारणीवर सुरू झालं. मुली सुट्या सुट्या फिरत होत्या. शेवटचं एक मिनिट उरलं तसं ठेकादादाने शेजारणीला ओढायला सुरुवात केली, इतकी सावकाश की तिलाही कळू नये. एक, दोन, साडेतीन, पाच. गाण्याचा सूर किंचित चढला. मुलींनी वेग घेतला आणि एकमेकींच्या कमरेला हात घातले. साखळी तयार झाली.

मी तिच्या साडेचारवर उभी. रेकॉर्डवर पहिल्या ठोक्याशी पांढरी खूण, तिच्यावर त्याचं बोट. हेडफोन त्याने घातलाच नाही. डावा कान हॉलकडे करून तो मोजत होता. सात, आठ, आणि बोट उचललं.

दोन गाणी एकत्र वाजायला लागली. चार ठोके. आठ. बारा.

आणि त्याचा हात माझ्याकडे आला.

त्याचं मला नवल वाटलं नाही. सहा वर्षांची सवय. सांधा चालू असताना मला किंचित हलवत राहायचं, जुळलंय याची खात्री करत राहायची. पण आता त्याला खात्री करायला काही उरलं नव्हतं. एका कानात दोन्ही गाणी एकमेकांत कालवली गेली होती आणि भीती म्हणत होती, सरकतंय, सरकतंय, काहीतरी कर. त्याची दोन बोटं माझ्यावर टेकली. एक केसभर जरी हलले असते तरी खाली साखळी ओढली गेली असती.

ती उजवीकडे होती. बोलून उपयोग नव्हता. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला, आणि मान नाही अशी हलवली.

त्याने खाली पाहिलं. बारा मुली एका वळणातून दुसऱ्या वळणात जात होत्या, सगळ्यांचे डावे पाय एकदम उचलले जात होते, उजवे एकदम टेकत होते. त्याने माझ्यावरून हात काढला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. हॉलमध्ये वाजवणारा माणूस सांध्याच्या वेळी खिशात हात घालून उभा आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

सोळा. वीस. चोवीस. बत्तीस ठोके झाले, आणि तिने खूण केली. त्याने पहिलं गाणं हळूहळू उतरवलं. माझ्यावरचं एकटं उरलं. चाकांची खरखर एकसारखी होती. मग मला त्याने मुंगीच्या पावलांनी तिच्या शून्याकडे आणलं, आणि मुली एकशे बत्तीसच्या वेगाने गरगर फिरल्या तेव्हा खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली होती.

मालक वर आले ते धापा टाकत. "काय कान आहे रे तुझा," ते म्हणाले. "गाणं बदललं कधी ते मला कळलंच नाही. जावयाला म्हटलं, बघ, याला म्हणतात कान."

इथे तो नुसता हसला असता तर सगळं निभावलं असतं. नोकरी राहिली होती. ती खाली बघत डब्याची पिशवी आवरत होती, तिने काहीच सुचवलं नाही.

"उजवा कान गेलाय माझा," तो म्हणाला. "चार महिने झाले. सांधा हिच्या गणिताने जुळला."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्या कडेच्या चिकटपट्टीकडे. ते चष्मा वर करून त्या बारीक खुणा बराच वेळ वाचत होते.

"म्हणजे मी एकाला कामावर ठेवलंय असं समजत होतो," ते शेवटी म्हणाले, "आणि इथे दोघं काम करतायत."

"तसं नाही," तो घाईने म्हणाला.

"तसंच आहे. उद्या सकाळी आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. दुपारी दोघंही या. आणि सूनबाई, त्या स्टुलाऐवजी खुर्ची घ्या एक, खालची." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "ही पट्टीही बदलून घ्या की लगेहात. चुकते म्हणताय ना?"

माझा श्वास अडकला, पट्टीला असेल तर.

"राहू द्या," ती म्हणाली. "ही किती चुकते ते आम्हाला माहितीय."

डॉक्टरांनी सांगितलं की उजवा कान परत येणार नाही, डावा मात्र नीट सांभाळला तर शेवटपर्यंत साथ देईल. आईंनाही सांगून झालं. त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, "तरीच. मला वाटलं, लग्न झाल्यावर ऐकेनासा झाला." खालची खुर्ची वर आली आहे आणि ती त्याच्या डावीकडे मांडलेली आहे. माझ्यापासून ती जरा लांब बसते, याचं थोडं वाईट वाटतं. पण ती आता पुष्कळ बोलते. सगळ्या रेकॉर्डच्या पाकिटांवर कोपऱ्यात तिचे आकडे आहेत. तो ठोका धरून सोडतो, ती खुणा पाहते. अजूनही सांधा चालू असताना कधीकधी त्याचा हात माझ्याकडे येतो, आणि मग खिशात जातो.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, हॉल उघडायच्या आधी, दोघं माझे फेरे मोजतात. मागच्या महिन्यात एकशे दोन भरले. तिने जुनी चिकटपट्टी सोलून काढली, नवी लावली, नव्या खुणा केल्या. झीज काही थांबत नाही. हिशोबात बसेनाशी चुकायला लागले, आज एवढी आणि उद्या तेवढी, की मला उतरवावंच लागेल. ते मी समजून आहे.

तेव्हा तुम्हाला एकच सांगणं. माझ्या जागी नवी पट्टी येईल. चकचकीत असेल, शून्यावर ठेवलं की खट् असा आवाज करेल. तिच्यावर छापलेलं वाचून थांबू नका. पहिल्याच दिवशी तिला शून्यावर ठेवा, कागदाचा तुकडा चिकटवा, आणि तीन मिनिटं तिच्यावर वाकून बसा. दोघं असाल तर बरं. आपल्याला कुणीतरी मोजतंय, हे तिला कळेल. बोलता येणार नाही तिला, पण बरं वाटेल.